तिसरा दिवस

ओड्नीने संगणकावर विहिरीतल्या दाबाची रेघ पुन्हा काढली, आणि पुन्हा ती शेवटी वरच वळली.

"भरती-ओहोटी आहे गं ती," मागे उभा असलेला सिगब्योर्न म्हणाला. "समुद्र चढतो, उतरतो. खाली विहिरीतल्या दाबालाही कळतं ते."

सिगब्योर्न तिचा साहेब; पण तेलकंपनीच्या स्टावांगरच्या कचेरीत साहेबालाही अरे-तुरेच. बारा वर्षं लोकांची बोलणी खाऊन त्याने समुद्राखालचं हे तेल शोधलं होतं. आता विहीर तीन दिवस बंद ठेवून दाब कसा चढतो ते मोजलं होतं. त्या मोजणीवरून काढलेली रेघ सपाट राहिली तर तेल दूरवर पसरलेलं. वर वळली तर जवळच दगडी भिंती आणि तेल जेमतेम. तेल काढायला समुद्रात प्लॅटफॉर्म उभारायचा की विहीर कायमची बुजवायची, हे बाराच्या बैठकीत ठरणार होतं. आनंद साजरा करायला खालच्या कॅन्टीनमध्ये मार्झिपानचा, म्हणजे बदामाच्या लगद्याचा, केकसुद्धा येऊन पडला होता.

ओड्नीने भरतीचं कोष्टक लावून समुद्राचा चढउतार वजा केला. रेघेवरची थरथर गेली. वळण जसंच्या तसं राहिलं.

सिगब्योर्नच्या हातातला चीज लावलेला पाव हातातच राहिला.

"पहिल्या दोन दिवसांचीच काढ बघू."

तिने काढली. सपाट, देखणी रेघ.

"सगळे दोनच दिवस विहीर बंद ठेवतात," तो हळूच म्हणाला. "दोनच दाखवले तर खोटं थोडंच आहे?"

ओड्नीला तिसऱ्या दिवसाची गोष्ट आठवली. वादळ येत होतं, विहीर खोदणाऱ्या जहाजावरचे लोक वैतागले होते, तेव्हा हाच हट्टी माणूस फोनवर ओरडला होता, "अजून एक दिवस! कुणाला तोंड उघडायला जागा नको!"

"कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणारे?"

"मी," ती म्हणाली. "बैठकीत. सगळ्यांसमोर."

पाव डब्यात टाकून त्याने झाकण लावलं.

"बरी शिकवली मी तुला! छाप तिन्ही दिवस."

बैठकीत कागद हातोहात फिरला. वर वळलेल्या रेघेवर बोट ठेवून संचालकबाई म्हणाल्या, "दोन दिवस ठरले होते ना? हा तिसरा कुणी मागितला?"

ओड्नीने मान खाली घातली.

"मी," सिगब्योर्न म्हणाला आणि खुर्ची मागे सारून उठला. "चला आता खाली. केक वाळतोय."