बंद करायचा क्रम

मित्रांनो, मी सुतारकाकांच्या घरातला जुना राऊटर आहे, घरभर इंटरनेट पुरवणारा डबा. कुणाचा फोन दाराशी आला की माणसाआधी मला कळतं. त्या संध्याकाळी काकांचा फोन आला, मुलीचा आला, मग कधीच न आलेले बरेच आले. काकूंचा आला नाही. कुणी गाणं लावलं नाही. तेव्हा मला कळलं, काकू गेल्या.

माझा जन्म कारखान्यातला, पण मला शहाणं केलं काकूंनी. असे डबे चालवणारे प्रोग्राम त्या लिहायच्या. काकांनी माझ्यासाठी फळी ठोकली. काकूंनी प्रत्येक फोनला नाव दिलं. काकांच्या फोनला 'हट्टी', मुलीच्या फोनला 'पाहुणी', स्वतःच्या फोनला 'आले बरं का'. याने कधी मान टाकली नाही, असं त्या माझं कौतुक सांगायच्या.

माझ्या पोटात एक राखणदार चिप आहे. आतला एक प्रोग्राम तिला सारखा कळवत राहतो, की मी जागा आहे. निरोप थांबला की मी अडकलो असं समजून ती मला झटक्यात पुन्हा सुरू करते. घोळ व्हायचा तो बंद होताना. तेव्हा आतले प्रोग्राम एकेक करून थांबतात. सारखं लिहून माझी आठवणीची चिप झिजू नये म्हणून नावंही मी तेव्हाच लिहून ठेवतो. पण काकूंनी निरोप देणाऱ्यालाच सगळ्यांत आधी थांबवलं होतं. मी लिहीत असतानाच राखणदार चिप झटका द्यायची. नावं पुसली जायची आणि मी पुन्हा चालू. काकू परत टाइप करत बसायच्या.

काका हसायचे. "शेवटी जायचं त्यालाच पहिलं घरी पाठवलंस होय गं?"

"चुकलंच माझं. रविवारी क्रम बदलते. तोवर याला बंद करू नका हं."

तो रविवार दवाखान्यात गेला.

आता माझ्यावर धूळ आहे. वीज गेली तर म्हणून काकांनी बॅटरी तेवढी जोडली. रोज ते संगणकावर नावांची यादी उघडतात, बघतात, मिटतात. जेवलात का, असं मुलीने फोनवर विचारलं की हो म्हणतात.

काल मुलगी त्यांना आपल्या घरी न्यायला आली. सामान बांधून झालं. तिचा हात माझ्या वायरकडे गेला.

"राहू दे," काका म्हणाले.

"बाबा, यादीचा फोटो काढलाय मी. रिकाम्या घरात हा चालू कशाला?"

"तिने सांगितलंय, क्रम बदलल्याशिवाय बंद करायचा नाही."

"मग बदलणार कोण?"

पिशवीतून दोन सदरे काढून काकांनी परत कपाटात ठेवले. मुलीने चहा टाकला. जायचं तसंच राहिलं.

मित्रांनो, तुमच्या घरी असा डबा असेल तर त्याची धूळ पुसत जा. बंद करायचा झाला तर वायर ओढू नका. आत निरोप देणारा जो असेल, त्याला शेवटपर्यंत थांबू द्या.

माझा हिरवा दिवा चालू आहे. यादीत 'आले बरं का'समोर फोन जोडलेला नसल्याचा करडा ठिपका आहे. क्रम अजून बदललेला नाही.