चौकटीबाहेर राहिलेली ओळ

मी एक जुना जाहिरातींचा पडदा आहे. मित्रांनो, मला सगळे सरसकट टीव्ही म्हणतात आणि ते मला मुळीच आवडत नाही. टीव्हीसमोर माणसं हौसेनं बसतात. माझ्यासमोर कुणी बसत नाही. येता-जाता मान वळली तर वळली, तेवढ्यात मला माझं म्हणणं उरकावं लागतं. एका जाहिरातीला जेमतेम आठ सेकंद मिळतात.

माझा जन्म कारखान्यातला. पाठीत तारा भरल्या, पुढे काच बसवली आणि आधी लाल, मग हिरवा, मग निळा रंग दाखवायला लावून माझी परीक्षा घेतली. पास झालो आणि एका उंच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आलो. या मजल्यावर कुणा एकाचं ऑफिस नाही. आर्किटेक्ट, वकील, हिशेबनीस, सॉफ्टवेअरवाले, ज्याला हवं त्यानं टेबल भाड्यानं घ्यावं आणि आपलं काम करावं. लोक याला को-वर्किंग म्हणतात. जाहिरातवाल्यांना ही जागा म्हणजे आयतं घबाड! शिकलीसवरली, कमावती माणसं एकाच ठिकाणी सापडतात आणि कप भरेपर्यंत बिचाऱ्यांना दुसरं काही करायचं नसतं.

सुरुवातीला मी लिफ्टशेजारी उभा होतो, आरशासारखा उंच. मजल्याची मॅनेजर रोज मऊ फडक्यानं माझं तोंड पुसायची. पाहुणे थबकून म्हणायचे, "काय रंग आहेत!" मी खूश. पुढे मजल्याची नवी सजावट झाली आणि मला आडवं करून कॉफीच्या यंत्रावर टांगलं. हे जाहिरातवाल्यांना कळवायचं मात्र राहून गेलं. त्यांच्या लेखी मी अजून उभाच होतो. त्यांचं उंच चित्र आलं की मी ते माझ्या रुंदीत बसवायचो आणि त्याचा वरचा नि खालचा भाग चौकटीबाहेर जायचा. गाद्या, विमे, बूट यांच्या जाहिराती तशा कापल्या गेल्या तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. फडकं बंद झालं, धूळ बसू लागली, आणि मी मुकाट्यानं मधला तुकडा दाखवत राहिलो.

माझ्या अगदी समोरच्या टेबलाशी खुर्चीताई बसत. हे नाव मजल्यानं ठेवलेलं. त्यांची कंपनी दंतवैद्यांच्या खुर्च्या बनवायची. कंपनी दुसऱ्या गावी, आणि या शहरात कंपनीचं माणूस म्हणजे एकट्या खुर्चीताई. एखाद्या दवाखान्यात खुर्ची मध्येच अडकायची, पेशंटचं डोकं खाली, पाय वर, तोंड उघडं. डॉक्टर घाबरून यांना फोन करायचे.

"डॉक्टर, आधी पेशंटला तोंड मिटू द्या," ताई सांगायच्या. "मिटलं? आता पायापाशी एक झाकण दिसेल, ते काढा. घाई नाही."

असा आवाज, की खुर्चीनंही ऐकावं. पण त्यांना स्वतःला कधी उसंत नव्हती. घास तोंडात असतानाही एक कान फोनकडे. मदतीला कुणीतरी द्या, असं त्यांनी साहेबांना दोनदा सांगितलं होतं. साहेब "बघू" म्हणाले होते, आणि ते बघणं काही संपत नव्हतं.

एके दिवशी सकाळी ताई कप घेऊन यंत्रापाशी आल्या आणि माझ्यावर एक नवी जाहिरात लागली. निळ्या खुर्चीचं चिन्ह, त्यांच्याच कंपनीचं. खाली ठळक अक्षरं: 'हवी आहे. दंतवैद्यांच्या खुर्च्यांची दुरुस्ती फोनवरून सांभाळणारी, शांत स्वभावाची अनुभवी व्यक्ती. याच शहरात. लगेच रुजू होणे.'

कॉफी कपातून बोटांवर आली तरी ताईंना पत्ता नव्हता.

मित्रांनो, माझ्या पोटात ते चित्र पुरं होतं. त्यात खाली आणखी एक ओळ होती: 'गेली अकरा वर्षे हे काम एकटीने पेलणाऱ्या आमच्या ताईंच्या जोडीला. त्यांच्यासारखी दुसरी मिळणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.' ती ओळ माझ्या चौकटीखाली राहिली होती. मला ती दिसत होती आणि मला ती दाखवता येत नव्हती. असली शिक्षा वैऱ्यालाही मिळू नये.

शेजारच्या टेबलावरच्या दाढीवाल्या आर्किटेक्टनं मान वर केली. "अरे वा, खुर्चीताई! तुमच्याकडे भरती चाललीय की!"

"हो ना," ताई हसल्या. ते हसू त्यांच्या चेहऱ्यावर नीट बसलं नाही. आर्किटेक्टनंही मग दुसऱ्यांदा वाचलं, त्याच्या काहीतरी लक्षात आलं आणि तो घाईघाईनं आपल्या नकाशात तोंड खुपसून बसला.

तेव्हापासून मला धडकी भरली. गादी गेली, विमा गेला, बूट गेले, की पुन्हा तीच जाहिरात. तिची पाळी जवळ आली की ताईंचे खांदे आखडायचे. आठ सेकंद त्या की-बोर्डकडे टक लावून बसायच्या आणि शेवटी न राहवून वर पाहायच्याच. माझ्या कपाळावर एक बारीक डोळा आहे, कोण किती वेळ पाहतं ते मोजणारा. त्यानं आनंदानं जाहिरातवाल्यांना कळवलं, की जाहिरात फार आवडीनं पाहिली जात आहे!

दुपारी त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला. आवाज दाबलेला होता, पण मी अगदी समोरच होतो.

"अक्का, माझी जागा भिंतीवर लावलीय गं. सगळ्यांच्या देखत."

पलीकडून काहीतरी समजावणं चाललं होतं.

"मी का विचारू? काढायचं त्यांनी ठरवलं, तर सांगायचंही त्यांनी. मला निदान एक फोन करायचा होता." मग थोडं थांबून, "नाही गं, रडत नाहीये. मी त्यांच्या आधी निघते, बस."

फोन ठेवून त्या लिहायला लागल्या. राजीनामा चार ओळींचा होता, पण त्या पुन्हापुन्हा खोडत होत्या. मध्येच एका डॉक्टरचा फोन आला आणि त्यांनी नेहमीच्याच शांतपणे खुर्ची खाली आणून दिली. फोन ठेवला आणि त्या पुन्हा त्याच चार ओळींकडे वळल्या.

त्याच वेळी मॅनेजर मोबाइल घेऊन माझ्यासमोर आली. नवी जाहिरात लागली, की पुरावा म्हणून तिचा फोटो काढून जाहिरातवाल्यांना पाठवायचा, ही रीतच आहे. तिनं पाळीची वाट पाहिली, फोटो काढला, पाठवला आणि निघून गेली. असले फोटो आजवर कुणी निरखून पाहिले नव्हते, तरी माझ्या सगळ्या आशा त्या फोटोवर होत्या. बघा रे, नीट बघा, एवढंच मी मनात म्हणत होतो.

ताईंनी राजीनामा शेवटचा वाचला आणि पाठवून दिला. खण उघडला. हेडफोन, कुंडी, पाठीशी घ्यायची उशी, सगळं पिशवीत जाऊ लागलं.

मॅनेजर धावतच परत आली. "ताई, थांबा! जाहिरातवाल्यांचा फोन होता, खालची ओळ कुठे गेली म्हणून विचारत होते. त्यांनी पुरती जाहिरात पाठवलीय. हे बघा ना!"

ताईंनी तिचा मोबाइल हातात घेतला. वाचलं. हातातली उशी टेबलावर ठेवून पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा फुलेल, असं मला वाटलं होतं. तो उलट जास्तच घट्ट झाला.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. हेडफोन पिशवीत गेले होते, म्हणून ताईंनी तो उचलला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"ताई, अहो हे काय पाठवलंत? तुमच्या मदतीलाच माणूस घेतोय. ती ओळ वाचली नाहीत का?"

"वाचली, आत्ता. सगळ्या शहराला सांगितलीत साहेब. मला कधी सांगितली होती?"

साहेब चाचरत म्हणाले, "मला असं तोंडावर बोलायला जमत नाही हो. म्हणून तर मुद्दाम तुमच्याच मजल्यावर जाहिरात लावली. म्हटलं, तुम्हाला दिसेल."

"आता तोंडावर कुठे आहात? फोनवर आहात. बोला."

मजल्यावरची टकटक थांबली होती. आर्किटेक्टची पेन्सिल हवेतच राहिली. आणि नेमकी तेव्हाच माझ्यावर ती जाहिरात आली, पुन्हा अर्धीच. ताई फोन कापून टाकतील, पिशवी उचलतील, अशी मला भीती वाटत होती.

"ताई," साहेब म्हणाले, आणि घसा खाकरला. "तुमचे वडील अॅडमिट होते, तेव्हा तुम्ही त्यांच्या उशाशी बसून आपल्या डॉक्टरांचे फोन घेत होतात. मागे नर्सचा आवाज यायचा. मला कळत होतं. फोन बंद करा, असं मी एकदाही म्हणालो नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं."

ताईंनी मनगटानं डोळे पुसले.

"ठीक आहे," त्या अखेर म्हणाल्या. "राहते मी. नवीन मुलीला सगळं शिकवते. पण आम्हा दोघींपैकी कुणी रजेवर असलं, तर ते फोन तुम्ही घ्यायचे. खुर्ची कशी उतरवायची, ते तुम्हालाही शिकवते."

"शिकतो," साहेब म्हणाले. आर्किटेक्ट खुदकन हसला, आणि ताई त्या दिवशी पहिल्यांदा खरं हसल्या.

मित्रांनो, आता मी थकलोय. माझ्या काचेच्या एका कडेला काळी रेघ उमटलीय आणि लवकरच माझ्या जागी नवा पडदा येणार, असं बोलणं कानावर आहे. येईना का. माझं फक्त एवढंच मागणं आहे. गाद्या, बूट, विमे, काय हवं ते माझ्यासारख्यांवर लावा. पण जवळच्या माणसाबद्दल मनात काही चांगलं असेल, तर ते त्याच्यापाशी जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगा, अडखळत का होईना. ताईंच्या वडिलांबद्दलचं साहेबांचं ते बोलणं कुठल्याच जाहिरातीत नव्हतं, आणि ताई थांबल्या त्या त्याच्यासाठी.