प्रश्नावरचा कट

बायकोने चहाचा कप समोर ठेवला आणि सांगितलं, की कंपनी आपला तो जुना सिनेमा पुन्हा संकलित करून घेतेय, या खेपेला तिने पटकथेत लिहिला होता तसा. उस्तादांनी पेपर खाली केला. पहिला विचार मनात आला तो हा, की चला, उशिरा का होईना, कंपनीला अक्कल सुचली आणि आपली आठवण झाली. ते चष्मा पुसत म्हणाले, "बघू. माझं टेबल मोकळं आहे म्हणावं. पण घाई केलेली मला–"

"चेला करतोय," ती म्हणाली.

"कोण?"

"आपला चेला. मीच त्याचं नाव सुचवलं."

चेला म्हणजे उस्तादांचा जुना साहाय्यक. फिल्मची पट्टी कडेने कशी धरायची इथपासून सगळं त्याने उस्तादांच्या हाताखाली गिरवलं, वर्षानुवर्षं याच घरात जेवला. आता त्याचा स्वतःचा स्टुडिओ आहे, कानाजवळचे केस पिकलेत, पण या घरात चेला तो चेलाच. उस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"घरात हाडाचा संकलक बसलाय आणि तू बाहेरचा माणूस–"

"म्हणूनच," ती म्हणाली आणि आपला कप उचलून आत गेली.

आता राग का, ते समजायचं तर तो सिनेमा माहीत हवा. गोष्ट तशी साधी. एक नवरा, एक बायको, आणि माडीवर भाड्याने राहायला आलेला एक चित्रकार. बायकोचा जीव हळूहळू माडीकडे ओढ घेतो. शेवटी जेवणाच्या टेबलावर नवरा विचारतो, "तू जाणार आहेस?" आणि बरोबर तिथे उस्तादांनी कात्री मारली होती. प्रश्न संपतो न संपतो तोच रिकामी खोली. उघडी खिडकी, भिंतीवर कुणाचा तरी फोटो उतरवल्याचा चौकोनी डाग, आणि सिनेमा खलास. ती गेली, असं सगळ्या जगाने समजून घेतलं. खरं तर तो रिकाम्या खोलीचा शॉट सुरुवातीचा होता, जोडपं पहिल्यांदा घर बघायला येतं तेव्हाचा. उस्तादांनी तो उचलून शेवटी आणून डकवला. दिग्दर्शक आता हयात नाही, पण त्या दिवशी त्याने खुर्चीतून उडी मारून उस्तादांना मिठीत घेतलं होतं. पुढे सिनेमा शिकवणाऱ्या शाळांत तो कट दाखवायला लागले, त्याला नावसुद्धा पडलं, 'प्रश्नावरचा कट'. उस्तादांनी आयुष्यभर ढीगभर सिनेमे कापले. लोकांना आठवतो तो हाच कट, आणि नव्या आवृत्तीत नेमका तोच जाणार होता.

त्यात उस्तादांचा एक बाणा होता. ते पटकथा वाचत नसत. कागद वाचला की माणसाचे डोळे कागदाचे होतात, पडद्यावर जे आलंय तेवढंच वाचावं, असं ते भाषणात सांगत. "मी तर बुवा सख्ख्या बायकोचंही वाचलेलं नाही," एवढं म्हटलं की हमखास हशा पिकायचा. पहिल्या रांगेत ती बसलेली असली तर तीही हसायची.

दुसऱ्या आठवड्यापासून चेला घरी यायला लागला. लॅपटॉप घेऊन तो तिच्या खोलीत बसायचा आणि दार लोटलेलं असायचं. उस्ताद म्हणत, मला कसला हेवा, मला सिनेमाची काळजी आहे. असेल बुवा. पण काळजी वाटणारा माणूस एका दुपारीत पाणी प्यायला इतक्यांदा उठत नाही आणि दरवेळी त्याच दारावरून जात नाही. आत चेल्याचा आवाज फारसा येत नसे. तिचाच येई, एकसारखा, थांबत थांबत चाललेला. मध्येच दोघं हसत. उस्तादांना वाटे, आपल्यावरच हसतायत.

"सर, बसा की," चेला एकदा बाहेर येऊन म्हणाला.

"नको रे बाबा. तुमचं मोठं काम चाललंय. आम्ही आपले जुने न्हावी."

चेला नुसता वाकून पाया पडला. त्याने तर उस्ताद आणखीच चिडले. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

रात्री जेवताना ती सांगायला लागली, "आज आम्ही माडीवरचा तो–"

"प्रसंग हाती घेतला. कळलं. तो लांबणार म्हणजे लांबणार. चित्रकाराला एवढा वेळ दिलास की लोक चुळबुळ करणार."

तिने भाजीचं भांडं पुढे सरकवलं.

दूरदेशी असलेल्या लेकीचा फोन आला तेव्हा उस्तादांनी तिच्यापाशी मन मोकळं केलं. तुझ्या आईने कसा दगा दिला, वगैरे. लेक सगळं ऐकून म्हणाली, "बाबा, तुम्ही जळताय."

"मी? त्या पोरावर? अगं, त्याला पट्टीला पट्टी चिकटवायला मी शिकवलंय."

"त्याच्यावर नाही. आईवर."

"तुझी आई इथेच आहे, घे बोल," असं म्हणून उस्तादांनी फोन बायकोच्या हातात कोंबला आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. हिला काय कळतंय, असं ते बराच वेळ स्वतःशी पुटपुटत होते. खरं सांगायचं तर लेकीने वर्मावर बोट ठेवलं होतं. इतकी वर्षं समारंभाला दोघं जात तेव्हा लोक उस्तादांभोवती जमत आणि ती पर्स धरून शेजारी उभी असे. कुणी तिला काही विचारलं तर उत्तर उस्तादच देत, आणि चांगलं देत. आता फोन तिला येत होते. पत्रकार तिला वेळ मागत होते. एकाने तर उस्तादांनी फोन उचलल्यावर विचारलं, "मॅडम आहेत का?" आणि उस्तादांनी "तुम्ही कोणाच्या घरी फोन लावलाय, माहीत आहे का?" असं विचारून फोन ठेवून दिला होता.

एके दिवशी ती वाचायचा चष्मा घरी विसरून चेल्याच्या स्टुडिओत गेली. उस्तादांना आयतं निमित्त मिळालं. रिक्षा करून ते तडक पोचले. एडिटिंग रूमच्या दाराला काचेचा एक लहानसा चौकोन होता. त्यातून त्यांनी आत पाहिलं.

पडद्यावर तेच जेवणाचं टेबल होतं. तीच नटी, तेव्हाची तरुण. प्रश्न होऊन गेला असावा, कारण समोरचा नट ओठ मिटून बसला होता. आणि शॉट चालूच होता. नटी बोलत नव्हती. तिने तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं, प्यायली नाही, पेला फिरवत राहिली. उस्तादांचं बोट दाराच्या फळीवर आपोआप आपटायला लागलं. इथे काप. बरं, इथे तरी काप. अरे, काप की आता. चाळीस वर्षांची सवय ती, बोटाला कोण समजावणार? पण चेला हात मांडीवर ठेवून बसला होता. मग त्याने यंत्र थांबवलं, खुर्ची तिच्याकडे वळवली आणि काहीतरी विचारलं. तिने लगेच उत्तर दिलं नाही. तो वाट बघत राहिला. घड्याळाकडे नाही, मोबाइलकडे नाही, नुसता तिच्याकडे बघत. उस्तादांना त्या क्षणी त्या माणसाचा असा काही राग आला, की परक्या पुरुषाने बायकोचा हात धरला असता तरी आला नसता. ती बोलायला लागली तेव्हा ते मागे फिरले. चष्मा त्यांच्या खिशातच राहिला.

घरी आल्यावर त्यांनी चेल्याला फोन लावला. आवाज शक्य तितका वडीलकीचा ठेवला. "हे बघ, तुझ्या भल्याचं सांगतो. तो टेबलाचा शॉट एवढा धरू नकोस. मरेल. पोरीचा चेहरा तेवढा पेलत नाही. मी तेव्हा काय झक मारली म्हणून कापला का?"

"सर, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार."

"तो टेक तुम्ही तेव्हा शेवटपर्यंत पाहिला होता का?"

उस्तादांना ती दुपार लख्ख आठवत होती. नटाने प्रश्न विचारला, आणि यंत्र थांबवून ते ओरडले होते, इथे, इथेच. रीळ पुढे चालवलंच नव्हतं. चालवायचं कशाला, कट तर सापडला होता. दिग्दर्शक उड्या मारत होता. बायको मागे उभी होती आणि "पण ती पुढे–" असं काहीतरी म्हणत होती. पण-बिण काही नाही, असं म्हणून त्यांनी तिला पेढा... नाही, पेढा नंतर, बक्षीस मिळाल्यावर. तेव्हा नुसतंच गप्प केलं होतं.

"पाहिला असेन," ते म्हणाले.

"बरं सर," चेला म्हणाला, आणि त्या 'बरं'मध्ये एवढी अदब होती की उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पटकथा घरातच होती. तिच्या कपाटाच्या खालच्या खणात, सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी. उस्ताद दोनदा कपाटापर्यंत गेले आणि परत आले. आयुष्यभर मिरवलेला बाणा आता एका खणासाठी मोडायचा? आणि समजा, तिने लिहिलेलं आपल्या कटापेक्षा सरस निघालं, तर? नसेलच सरस, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. मनातल्या मनात मात्र त्यांनी देवाला साकडं घातलं होतं, की हा सिनेमा पडू दे. बायकोचा सिनेमा पडावा म्हणून नवरा नवस बोलतोय, ही गोष्ट त्यांना स्वतःलाही शोभेशी वाटली नाही. पण मागे घ्यायलाही ते तयार नव्हते.

खेळ दुपारचा होता, निमंत्रितांसाठी. थिएटर भरलेलं. ती मध्ये, एका बाजूला चेला, दुसऱ्या बाजूला उस्ताद. रिकामी खोली सुरुवातीलाच येऊन गेली, आपल्या मूळ जागी, आणि तिथे ती अगदीच साधी खोली वाटली. पुढचं सगळं उस्तादांनी दात-ओठ खात पाहिलं. चुका सापडाव्यात म्हणून पाहिलं. एक-दोन सापडल्याही, आणि तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पण हळूहळू चुका शोधायचं राहून जायला लागलं.

मग टेबल आलं. "तू जाणार आहेस?" नटाने विचारलं. सभागृहातल्या जाणत्यांनी श्वास रोखला. सगळ्यांना तो कट पाठ होता. पण कट आला नाही.

नटीने पाणी ओतलं. पेला फिरवला. टेबलावर सांडलेले पोळीचे तुकडे बोटाने गोळा करून एका जागी केले. उस्ताद कानोसा घेत होते. कुणीतरी खोकेल. कुणीतरी हसेल. एक तरी खुर्ची कुरकुरेल. एवढ्या मोठ्या थिएटरात एकालाही खोकला होऊ नये? आणि मग त्यांनी कानोसा घ्यायचं सोडून दिलं, कारण त्यांना स्वतःलाच जाणून घ्यायचं होतं. ही काय म्हणणार आहे? ज्या सिनेमाने त्यांचं नाव केलं, त्याचा शेवट त्यांना माहीत नव्हता.

"जाणार होते," नटी म्हणाली. "तू विचारशील असं वाटलं नव्हतं."

नवऱ्याने मान खाली घातली. तिने गोळा केलेले तुकडे हातावर घेतले आणि ती आत गेली. वर माडीवर चित्रकाराची पावलं वाजली आणि थांबली. तिने परत येऊन दुसरा पेला भरला, त्याच्यापुढे ठेवला, आणि बसली.

दिवे लागले तेव्हा टाळ्या लगेच पडल्या नाहीत, आणि पडल्या त्या थांबेनात. लोक तिच्याभोवती गोळा झाले. चेला हळूच बाजूला सरकला. उस्ताद गर्दीच्या कडेला कुणाची तरी पर्स धरून उभे होते. पर्स तिचीच होती, तिने जाता जाता त्यांच्या हातात दिली होती.

गर्दी ओसरल्यावर दोघं मागच्या जिन्याने खाली आली. तिचे गुडघे दुखतात, म्हणून मधल्या पायरीवर ती टेकली. उस्ताद कठड्याला धरून उभे राहिले.

"हे तू आपल्यावर लिहिलं होतंस?"

तिने पदर सारखा केला. उस्तादांच्या तोंडाशी चार वाक्यं आली. नाही म्हण, म्हणजे सिनेमा तो सिनेमा, तसं काही नसतं, हो ना? ती चारही त्यांनी गिळली.

"चेल्याने हे पहिल्याच दिवशी विचारलं," ती म्हणाली.

"मग? त्याला काय सांगितलंस?"

"तुला सांगितलेलं नाही ते त्याला कसं सांगू?" तिने गुडघ्यावरून हात फिरवला. "माडीवर कुणी चित्रकार-बित्रकार नव्हता रे. तसं काही मनात आणू नकोस. नुसतीच मी जाणार होते. बॅग भरलेली होती. म्हटलं, सिनेमा होऊ दे, हा बघेल, याला कळेल, मग विचारेल. आणि तू तर सिनेमातल्या तिलाच घालवून दिलंस. लोक टाळ्या वाजवतायत, तू असा खूश, मिठाई वाटतोयस. मला वाटलं, ती गेली, आता मी तरी राहावं. दोघींपैकी एकीने तर घर सांभाळायला हवं."

एवढं सलग ती त्यांच्याशी कधी बोलली होती, ते उस्तादांना आठवेना. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. मग त्यांच्या लक्षात आलं.

"आता ती राहिली," ते म्हणाले.

"हो."

"मग तू जाणार आहेस?"

तिने चप्पल काढून झटकली, पुन्हा घातली. पर्स मागून घेतली, उघडली, आत काही शोधलं, बंद केली. वरून दोन माणसं हसत खाली आली, त्यांना वाट द्यायला उस्तादांनी अंग चोरलं. त्यांनी कठडा घट्ट धरला होता. ते वाट बघत राहिले.

"ठरवलेलं नाही अजून," ती म्हणाली, आणि उठायला तिने हात पुढे केला. "आज घरी येतेय."