शून्य क्रमांकाची खाट

सकाळी बाबांना शस्त्रक्रियेसाठी आत नेलं आणि ती खालच्या मजल्यावर आपल्या टेबलाशी येऊन बसली. बाबांचं हृदय अशक्त होतं. "शुद्धीवर येतील तेव्हाच खरं," डॉक्टर म्हणाले होते.

रुग्णालयाचे संगणक तीच सांभाळायची. लोक मोबाइलवरून आपल्या माणसाची खबर विचारत. ज्या वेब-पत्त्यावर विचारत, त्याच्या शेवटी खाटेचा क्रमांक असे. जिवाला चैन नव्हतं, म्हणून तिने उगाच आवराआवर काढली. पत्त्यातल्या त्या जागेचं 'रुग्ण' हे नाव बदलून 'खाट' केलं.

दुपारी फोन खणखणू लागले. कोणीही, कुठल्याही खाटेचं विचारो, उत्तर एकच: 'खाट शून्य. ऐकतो आहे.'

"शून्य नंबरची खाट कुठल्या मजल्यावर टाकलीस गं?" शेजारच्या टेबलावरचे तात्या हसले.

"नाहीच आहे, तात्या. आपली यादी एकपासून सुरू होते."

तात्यांनी खुर्ची ओढून पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघ. पत्त्यातला आकडा आतल्या कामाच्या, म्हणजे उत्तर शोधणाऱ्या प्रोग्रामच्या, हाती पडतो तो नावावरून. पत्ता म्हणतोय 'खाट', आतलं काम अजून 'रुग्ण'च मागतंय. नाव जुळलं नाही की यंत्र कुरकुर करत नाही, गुपचूप शून्य धरतं. बदलायचं तर दोन्हीकडे, हे आता पाटीवर गिरवून घेऊ का?"

"पण शून्याची नोंदच नाही. मग उत्तर कोण देतंय?"

तात्यांचं हसू मावळलं.

तिने बाबांच्या खाटेचा क्रमांक घातला, एकेचाळीस. 'खाट शून्य. दमलो आहे.'

तिने आतलं नावही बदललं आणि पुन्हा विचारलं. बराच वेळ काहीच उमटेना. मग अक्षरं आली: 'खाट एकेचाळीस. शुद्धीवर.'

ती धावतच वर गेली. बाबांचे ओठ सुकले होते.

"किती जण विचारत होते गं! 'आई, कशी आहेस?' 'दादा, दुखतंय का?' ओळखीचं एकही नाही. पण गप्प तरी कसं राहायचं? प्रत्येकाला म्हटलं, ऐकतोय. दमून गेलो."

"मग?"

"मग सगळे एकदम थांबले. तेवढ्यात तुझा आवाज आला, त्याच्या मागोमाग निघालो."

तिने त्यांचा हात घट्ट धरला. बाबा मात्र तिच्या खांद्यापलीकडे बघत होते.

"मी उठलो ना, तर त्या खाटेवर लगेच दुसरं कोणीतरी येऊन निजलं. त्याला कोण हाक मारणार गं?"