काचेवरचे दोन डोळे

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. दोन काचांच्या मध्ये चिकटून बसले आहे आणि तुमच्याकडे बघते आहे. तसे मला डोळे नाहीत. पण माझ्या पोटात एकाऐवजी दोन केंद्रके आहेत, शेजारी शेजारी, आणि प्रत्येकाच्या मधोमध एक गडद ठिपका. भिंगातून मला पहिल्यांदा पाहणारा माणूस जरा मागेच सरकतो.

माझा जन्म एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या गळ्यात झाला. आधी केंद्रक दुभंगायचे, मग अंग दुभंगायचे आणि एकीच्या दोघी व्हायच्या, अशी आमच्या घरची रीत. माझे केंद्रक दुभंगले, अंग मात्र दुभंगायचे राहूनच गेले. मग दोघांनी एकाच अंगात संसार थाटला. हळूहळू माझ्यासारख्या आणखी बहिणी झाल्या. बाई जेवायची आणि बाळसे आम्ही धरायचो. ती वाळत चालली होती. आम्हाला आपले वाटायचे, किती छान चालले आहे सगळे! मला ती फार आवडायची.

एकदा तिचे केस विंचरताना तिच्या मुलीला गळ्याशी गाठ दिसली. तिने आईचे काही एक ऐकले नाही, हाताला धरून दवाखान्यात नेले. गाठ कापून काढली. त्या गाठीला मेणात बसवून कागदाहून पातळ काप काढले. पाते माझ्या अगदी शेजारून गेले. मग मला गुलाबी-जांभळे रंगवून काचेवर निजवले.

तपासणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या. त्या कापात साध्या पेशींची गर्दी आणि माझ्यासारखी मी एकटीच. त्यांची नजर माझ्यावरून दोनदा गेली, मग थांबली. त्यांनी थोरल्या डॉक्टरांना बोलावले. दोघांना एकदम बघता येईल असे सूक्ष्मदर्शक होते. थोरले घाईत होते. एकावर एक पडलेल्या दोन साध्या पेशी आहेत, सूज आहे असे लिहून टाक, म्हणाले. तसे लिहिले असते तर बाई निश्चिंत मनाने घरी गेली असती आणि गळ्यात उरलेल्या माझ्या बहिणी तिच्या छातीत उतरल्या असत्या. त्या निघायच्या तयारीतच होत्या.

तरुण डॉक्टरांनी नजर स्पष्ट करणारी सूक्ष्मदर्शकाची चकती हळूहळू फिरवली, वर, खाली, पुन्हा वर.

"सर, एकावर एक असत्या तर एक स्पष्ट होताना दुसरी धूसर झाली असती. ही दोन्ही केंद्रकं एकदमच स्पष्ट होतात."

थोरल्यांनी स्वतः चकती फिरवून पाहिली. मग हळूच म्हणाले, "एकच पेशी आहे ही. बघतेय कशी."

बाईवर कर्करोगाचे उपचार सुरू झाले. तिचे केस गेले आणि माझ्या बहिणीही गेल्या, एकूण एक. केस पुन्हा आले.

मला शिकवण्यासाठी ठेवून घेतले. विद्यार्थ्यांनी माझी चित्रे काढली, परीक्षेत माझ्यावर प्रश्न आले. पुढे माझा रंग फिकटला आणि मी खणात पडून राहिले.

परवा अचानक उजेड झाला. भिंगापलीकडे एक म्हातारा डोळा होता. माझ्या त्याच बाईने स्वतःहून मला बघायला मागितले होते.

"माझीच ना ही?"

"तुमचीच," काच दाखवणारे डॉक्टर म्हणाले. "पण घाबरू नका, मावशी, ती कधीच मेलीय."

ती कितीतरी वेळ हलली नाही. मीही नाही.

मित्रांनो, घरात कोणाच्या गळ्याला, काखेत गाठ हाताला लागली आणि ती जाईना, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नका. मी तिला एकदाही दुखवले नव्हते.