ल्युबाची थोरली रॅकेट

इकडे, वर बघा. भिंतीवर टांगलेली असले तरी बोलतेय मीच, ल्युबा झारोवाची थोरली रॅकेट. हल्ली मुक्काम लीड्सला, हाताच्या डॉक्टर सुनेत्राबाईंच्या खोलीत. ल्युबा टेनिसमध्ये जगात तिसरी, रशियातल्या काझानची. स्कोअरबोर्डवर इतरांच्या नावापुढे देशाचा झेंडा असतो, युद्धामुळे रशियाच्या झेंड्याला बंदी, म्हणून हिच्या नावापुढे नुसती मोकळी जागा.

माझा जन्म कारखान्यातला. आम्ही सहाजणी ल्युबाकडे आलो आणि तिच्या हातात आधी मी पडले, म्हणून थोरली. माझ्या मुठीवर पहिली निळी पट्टी गुंडाळली ती तिच्या आईने, काझानच्या स्वयंपाकघरात बसून. आई लहान मुलांना टेनिस शिकवायची. हात काय सफाईदार तिचा! पट्टीला एक सुरकुती नाही.

त्या पट्टीवर ल्युबा पहिली मोठी स्पर्धा जिंकली आणि तिथूनच माझे भोग सुरू झाले. पट्टी घामाने भिजली की खेळाडू ती काढून नवी गुंडाळतात. हीसुद्धा काढायची, पण जिच्यावर जिंकली ती मात्र नाही. ती शुभ! पुढची तिच्यावरच गुंडाळायची. पुन्हा जिंकली की आणखी एक थर. तिचा कोच ग्रिशा तर तिच्याही वरताण. जुनी पट्टी कोणी सोलायला गेलं तर अंगावर धावून जायचा. माझ्या धाकट्या बहिणींच्या मुठीही माझ्याच मापाने फुगवल्या. ल्युबा वर चढत गेली आणि मी जाड होत गेले. उन्हाळ्यात कोणी गोधड्यांवर गोधड्या घालाव्यात तसा जीव गुदमरायचा माझा.

मग तिचं मनगट दुखायला लागलं. आधी सर्व्हिस करताना, पुढे चहाचा कप उचलतानाही. बर्फ झाला, इंजेक्शनं झाली, स्कॅन झाले. सगळे मनगट बघायचे, माझ्याकडे ढुंकूनही बघत नसत. गवतावरच्या स्पर्धांसाठी इंग्लंडला आलो, तेव्हा एका सर्जनने ऑपरेशन करायला सांगितलं. त्यानंतर पूर्वीसारखं खेळता येईलच याची खात्री नाही, असंही म्हणाला. त्या संध्याकाळी ल्युबा हॉटेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडली. अहो, पाच वर्षांची असल्यापासून त्या पोरीने दुसरं केलंय काय? मला फार वाईट वाटलं.

आणखी एकदा दाखवून घ्यावं म्हणून लीड्स गाठलं. सुनेत्राबाई मूळच्या नागपूरच्या. त्यांनी स्कॅन बघितला, मनगट हळूच दाबून बघितलं आणि रॅकेट मागितली. इतक्या डॉक्टरांत हे पहिल्यांदाच! मला हातात घेताच बाई चक्क मराठीत बोलल्या, "अगं बाई, ही मूठ आहे का मुसळ?"

मग त्यांनी ल्युबाला मला धरायला लावलं. बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं पाहिजे. इथे दोन आरामात मावली. एवढी जाड मूठ आवळायची म्हणजे सगळा ताण मनगटावर, हे बाईंनी तिला नीट समजावलं. आधी हे थर काढायचे, मग विश्रांती, ऑपरेशनचं त्यानंतर बघू.

ल्युबाने मला छातीशी धरलं. "हे सोललं तर मी हरेन."

"नाही सोललंस तर खेळणारच नाहीस," बाई म्हणाल्या. "पण सोलायचं तूच. मी बसलेय इथे."

तिने मला मांडीवर आडवं ठेवलं. मग नखाने टोक उचकटलं. पांढरी पट्टी निघाली, मग काळी, मग गुलाबी. प्रत्येक थराला ती त्या त्या गावाचं नाव पुटपुटत होती. आतून असा काही कुबट वास सुटला की बाईंनी निमूटपणे खिडकी उघडली. शेवटी आईची निळी पट्टी आली. बाईंनी पुन्हा मोजून बघितलं. एकच बोट मावलं.

"बास. ही राहू दे," बाई म्हणाल्या.

ल्युबा रडली, पण या वेळी नळ न सोडता. आणि मी? मी सुटले हो एकदाची! किती वर्षांनी मला वारा लागला.

धाकट्यांच्या मुठीही सोलल्या आणि ऑपरेशन टळलं. हात बरा झाल्यावर ती मुद्दाम इथे आली आणि मला बाईंच्या हवाली करून गेली. जवळ ठेवली तर पुन्हा गुंडाळायला लागेन, म्हणाली. खोटं कशाला बोलू, जरा लागलं मनाला. पण पटलं.

परवाच्या रविवारी बाई ऑन कॉल होत्या. फायनल बघायला त्यांनी मोबाइल माझ्यासमोरच उभा केला. ल्युबा जिंकली. सगळे चषकाकडे बघत होते, मी तिच्या हाताकडे. दुखल्यासारखा एकदाही झटकला नाही तिने तो. मग ती खुर्चीत बसली, धाकटीच्या मुठीवरची पट्टी सोलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून दिली. बाई एकट्याच टाळ्या वाजवत होत्या.

आता इथले पेशंट मला हातात घेऊन बघतात. तुम्हीही घ्या की, माझी काही ना नाही. फक्त घट्ट नका धरू.