आठवं दार

त्या दिवशी सकाळी मी खुर्ची दोनदा पुसली. खुर्ची विचारणाऱ्यासाठी, स्टूल माझ्यासाठी. मी नळकाम करतो. एका ठिकाणी टाकी बसवायची होती, ते काम दुपारवर ढकललं. मग खिडकीपाशी गेलो, दारापाशी आलो, पुन्हा खिडकीपाशी. बायको गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही. स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर मी वर्षभरात इतक्यांदा बदलला असेल की नळही कंटाळला असेल.

माझी लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत एका संशोधन संस्थेत इंटर्नशिप करते. बंगल्यांच्या भागात आणि आमच्यासारख्या इमारतींत घरोघरी जाऊन विचारायचं, कोण आजारी पडलं, डॉक्टरकडे कधी गेलं, उशीर झाला तर का झाला. सरकारी हॉस्पिटलच्या तपासणीच्या वेळा बदलाव्यात का, याचा अहवाल त्यावरून वर जाणार होता. दर आठवं दार घ्यायचं. दार आवडलं नाही, माणूस खडूस निघाला, तरी बदलायचं नाही. हे तिनेच मला जेवताना समजावलं होतं. त्या दिवशी आमच्या इमारतीचा नंबर होता, म्हणून मी जिन्यापासून मोजून पाहिलं. आठवं दार आमचंच येत होतं.

मला कुणीतरी विचारायला हवं होतं. बायको गेली तेव्हा माणसं पुष्कळ आली. प्रत्येकाने मला काही ना काही सांगितलं. धीर धरा, पोरीकडे बघा, कामात मन रमवा. ती कशी गेली, आधी काय काय झालं, हे कुणी विचारलं नाही. माझ्या बहिणीने तर विचारण्याआधीच उत्तर देऊन टाकलं. भरल्या घरात म्हणाली, "पोरीच्या परीक्षेपायी दवाखान्यात जायची थांबली गं बाई, नाहीतर वाचली असती."

जिन्यात पावलं वाजली. लेकीचा आवाज ओळखीचा, बरोबरच्या मुलीचा नवा. पावलं आमच्या दारापाशी आली, जराशी थांबली आणि पुढे गेली. शेजारचं दार वाजलं.

तिथे शिंपीणकाकू राहतात. मशीन थांबलं आणि त्यांचा आवाज सुरू झाला. तो लवकर थांबला नाही. मुली गेल्यावर त्या आमच्या दारात आल्या.

"भाऊजी, झाली बरं का माझी मुलाखत! गुडघ्यापासून दातापर्यंत सगळं सांगितलं. पण तुमची लेक तुम्हाला का टाळते हो? उधारी आहे की काय तिची?"

"घरचं विचारत नसतील," मी म्हणालो.

"मग तोंड का एवढंसं झालंय तुमचं?"

मी चपला घातल्या आणि खाली गेलो. दोघी फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. बरोबरची मुलगी मोठ्या चष्म्याची, फोनवर काहीतरी भरत होती.

"आपलं दार आठवं होतं," मी लेकीला म्हणालो.

"बाबा, स्वतःच्या घरी विचारायचं नसतं. नियम आहे."

चष्मेवालीने मान वर केली. "ते तुझं घर होतं? अगं, मग मी विचारायचं होतं. तूच म्हणालीस की आठवं दार शिंपीणकाकूंचं."

"तिचा काकूंवर जीव आहे," मी म्हणालो. मला राग आला होता. घराची लाज वाटली असेल, असं मनात आलं.

"काका, दार बदललेलं संस्थेतल्या मॅडमना कळलं ना, तर अख्खी इमारत बाद होईल. तुमच्या इथलं एकही उत्तर अहवालात जाणार नाही."

"मग चला वर," मी म्हणालो.

लेक उठली नाही. "तुम्ही काय सांगणार आहात ते मला माहीत आहे," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला तेव्हा माझा राग उतरला. बहिणीने भरल्या घरात टाकलेलं ते वाक्य पोरगी वर्षभर उरावर घेऊन फिरत होती.

चष्मेवाली आणि मी वर निघालो. मागून लेकही आली. दुसऱ्या मजल्यावर मी पाइपाला हात लावून थांबलो. अलीकडे तिथे मला दम लागतो. गळती बघतोय असं दाखवलं की कुणी काही म्हणत नाही.

घरात शिरताच लेक स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. चष्मेवाली खुर्चीवर बसली. "गेल्या दोन वर्षांत घरातल्या कुणी तपासणी पुढे ढकलली का?"

"हो. माझ्या बायकोने."

"कारण?"

आतला नळ बंद झाला.

"ती हॉस्पिटलच्याच लॉन्ड्रीत होती," मी म्हणालो. "चादरी धुवायची. तपासणी सकाळी असते, बारापर्यंत. तिची पाळीही तेव्हाच. अर्धा दिवस मागितला की मुकादम आठवडाभर घरी बसवायचा. मी म्हणायचो, दाखवून ये. ती हसायची. म्हणायची, रोज हॉस्पिटलातच तर जाते मी, अजून किती जाऊ? असं वर्षभर चाललं. मग हिची परीक्षा आली. तेव्हा म्हणाली, एवढी परीक्षा होऊ दे."

"मुख्य कारण एकच निवडता येतं, काका."

"वर्षभर वेळ जुळली नाही. परीक्षा शेवटी आली. काय मुख्य ते तुम्हीच बघा."

लेक दारात आली. हात ओले होते. "पण परीक्षेआधी गेली असती तर?"

खोटं बोलावं असं वाटलं. पण तेच करायचं होतं तर खुर्ची कशाला पुसली?

"माहीत नाही, बाळा. मी डॉक्टरांना विचारलं होतं. तेही म्हणाले, सांगता येत नाही."

तिने ओले हात ओढणीला पुसले. मग मैत्रिणीला म्हणाली, "वेळेचं निवड. खाली मोकळी जागा असते, तिथे परीक्षेचं लिही. मुकादमाचंही लिही."

चष्मेवालीने लिहिलं. लिहिताना तिने चष्मा काढून पुसला. मग पुढचा प्रश्न वाचला, "सध्या घरात कुणी तपासणी पुढे ढकलतंय का?"

"नाही," मी म्हणालो.

"हो," लेक म्हणाली. "हे बाबाच. जिन्यात पाइप बघत उभे राहतात. त्या पाइपाला आजवर थेंबभर गळती नाही."

"अगं, ते वयाने..."

"कारण काय लिहू?" चष्मेवालीने मला पर्याय वाचून दाखवले. लांब पडतं. वेळ नाही. गरज वाटत नाही. भीती वाटते. मी एकेक ऐकला. कुठे हो म्हणावं कळेना.

लेकीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला अजून अवकाश होता. ती वाकली आणि माझ्या चपला माझ्या पायांपाशी आणून ठेवल्या.

"थांब ना, प्रश्न उरलेत अजून," चष्मेवाली म्हणाली.

"रांगेत विचार," लेक म्हणाली. "तिथे वेळच वेळ असतो."